काळ्या पट्टीखालचा दिवा

शनिवारी सकाळी साडेनऊ ते सव्वादहा या वेळात मी दाजींच्या गाडीतून एकशे बेचाळीस वस्तू बाहेर काढल्या. कागदी पेले एकोणीस, त्यांपैकी सातांच्या तळाशी बुरशी. चिप्सची रिकामी पाकिटं एकतीस. तळलेल्या कोंबडीची हाडं चौदा, एका कागदी पिशवीत, पिशवीच्या तोंडाला व्यवस्थित दुमड घातलेली. सॉसच्या पुड्या नऊ, दोन फुटलेल्या. दात कोरायच्या काड्या सहा. दुकानाची बिलं अडतीस. एक मोजा. एक नेलकटर. आणि चालकाच्या पायाखालच्या रबरी चटईवर कापलेली नखं, तेवीस, बहुतेक पायाची.

टिश्यू पेपर मी मोजले नाहीत. ते एकमेकांना चिकटले होते, आणि किती आहेत हे ठरवायचं तर ते सोडवावे लागले असते.

गाडी साफ करायचं काम मी स्वतःहून घेतलं होतं. सोमवारपासून ही गाडी ताईची होणार होती. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, डोळे तपासते. चष्म्याच्या एका दुकानात तिला दोन वर्षांनी परत नोकरी लागली होती. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तिने आधीची सोडली होती. आता दुकानाजवळच दिवसभर अशी माणसं सांभाळणारं एक केंद्र निघालं होतं. सकाळी सासूबाईंना मागच्या सीटवर बसवायचं, उतार उतरायचा, त्यांना केंद्रात सोडायचं आणि कामाला जायचं, असं ठरलं होतं. उतार बाराशे मीटरचा आहे. खाली वळण आहे आणि वळणावर शाळेचं फाटक. दाजींनी मोठ्या मनाने सांगितलं होतं, "गाडी तू घे. मी आपला कंपनीच्या बसने जाईन." ताईने त्या दिवशी त्यांना दोनदा चहा करून दिला.

मी ताईकडे सहा आठवडे राहत होते. एमएस्सीचा निकाल लागला होता, एका प्रयोगशाळेत मुलाखत झाली होती, पत्राची वाट बघत होते. फुकट राहतेय तर निदान गाडी तरी पुसून द्यावी, एवढाच विचार.

पहिली पंचेचाळीस मिनिटं मी नाकाला ओढणी बांधून काढली. आंबलेलं दूध, जुनं तेल आणि ओला मोजा मिळून एक चौथाच वास तयार होतो. तो कशाचा असं विचारलं तर सांगता येत नाही, पण तो जिभेवर बसतो. मी दोनदा बाहेर येऊन थुंकले.

मग हँडब्रेकच्या दांड्याभोवतीचं प्लास्टिकचं झाकण पुसायला घेतलं. ते हलत होतं. चार स्क्रूंपैकी एकच जागेवर होता. कडेला फटीतून काहीतरी राखाडी, फुगीर बाहेर आलं होतं. मला वाटलं स्पंजचा तुकडा असेल, म्हणून बोटाने ओढला. स्पंज नव्हता. च्युइंगगम होतं, चघळून वाळलेलं, आणि त्यावर दातांचे ठसे इतके स्पष्ट होते की वरचे कुठले आणि खालचे कुठले हे सांगता आलं असतं. त्याच्या पोटातून एक निळी वायर जात होती.

मी हात धुऊन आले. साबण दोनदा लावला. मग झाकण पूर्ण काढलं.

हँडब्रेकच्या मुळाशी एक छोटा स्विच असतो. दांडा वर ओढला की तो स्विच जोडला जातो आणि गाडीला कळतं की हँडब्रेक लागला आहे. समोर लाल दिवा लागतो तो त्यामुळे. या स्विचच्या टोकाला कुणीतरी ती निळी वायर गुंडाळली होती आणि दुसरं टोक सीटच्या नटाखाली, गाडीच्या लोखंडात दाबलं होतं. चिकटपट्टीच्या जागी च्युइंगगम. परिणाम असा की दांडा वर असो की खाली, गाडीच्या समजुतीप्रमाणे हँडब्रेक कायम लागलेलाच.

असं कुणी का करेल, हे मला लगेच कळलं नाही. समोर बघितलं तेव्हा थोडं कळलं. वेगाच्या काट्याशेजारी, जिथे तो लाल दिवा असायला हवा, तिथे दीड सेंटिमीटर लांबीची काळी पट्टी चिकटवली होती. पट्टीच्या कडेला घाम, धूळ आणि दोन आखूड केस.

दाजी तीन महिन्यांपासून सांगत होते की गाडीचे पुढचे पांढरे दिवे गेले. गाडी चालू केली की पुढे आपोआप दोन पट्ट्या उजळतात ना, दिवसाउजेडीसुद्धा, ते दिवे. गॅरेजवाले त्यांना डीआरएल म्हणतात. या गाडीत ते हँडब्रेक ओढला की विझतात. गाडी उभी आहे तर दिवे कशाला, असा कंपनीचा हिशेब. म्हणजे गाडीला सतत हँडब्रेक लागलाय असं भासवलं, तर दिवे कधीच लागणार नाहीत. दिवे गेले नव्हते. घालवले होते.

युक्ती सुबक होती. एक वायर, एक पट्टी. मला दाजींबद्दल पाच सेकंद आदर वाटला. मग बोटाचा वास आला.

मागच्या दोन्ही चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक खाली सोडला, गिअर मोकळा ठेवला आणि गाडी चालू केली. वायर नटाखालून सोडवली. समोरच्या भिंतीवर झटकन दोन पांढऱ्या पट्ट्या उमटल्या. मग नखाने काळी पट्टी सोलली. आता तिच्याखालचा लाल दिवा विझलेला दिसायला हवा होता.

तो लागलेला होता.

मी हँडब्रेक वर ओढला, पांढऱ्या पट्ट्या विझल्या. खाली सोडला, पट्ट्या लागल्या. स्विच नीट काम करत होता. लाल दिवा मात्र दोन्ही वेळा तसाच. असं चार वेळा केलं आणि चारही वेळा तेच झालं. म्हणजे त्या दिव्याला लागायला हँडब्रेकखेरीज आणखी एक कारण होतं.

गाडीच्या पुस्तकात ते पान एकशे अठरावर आहे. पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये तसंच बंद होतं. गाडीतली तेवढी एक गोष्ट स्वच्छ होती. त्यात लिहिलं होतं की ब्रेक ऑइल कमी झालं तरी हाच दिवा लागतो. मी बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलच्या डबीवर वर एक रेघ असते आणि खाली एक. खालच्या रेघेच्या खाली जाऊ द्यायचं नसतं. माझ्याकडे पंधरा सेंटिमीटरची पट्टी होती. पातळी खालच्या रेघेच्या अकरा मिलिमीटर खाली होती.

डाव्या मागच्या चाकाखाली फरशीवर एक डाग होता. मी तो सहा आठवडे बघत होते. सगळे म्हणत, एसीचं पाणी. पण एसीचं पाणी पुढे गळतं आणि वाळून जातं. हा डाग वाळत नव्हता. मी बोट लावलं तर ते घसरलं. टायरच्या आतल्या बाजूला, हात घातल्यावर, कोपरापर्यंत ओलं आणि काळं काहीतरी लागलं.

मी पार्किंगच्या नळाखाली हात धूत होते तेव्हा दाजी खाली आले. अर्धी चड्डी, हातात पेला, पायात घरातल्या चपला. दाजी दिसायला वाईट नाहीत. ते सगळ्यांना आवडतात. लग्नात माझ्या सगळ्या मावश्यांना त्यांनी नाचायला लावलं होतं.

"काय मेहुणीबाई, शवविच्छेदन चाललंय वाटतं," ते म्हणाले. वस्तूंचे ढीग मी वर्तमानपत्रावर मांडले होते, जातवार. "अरे वा, लेबलं तेवढी राहिली."

"दाजी, हे दिवे तुम्ही बंद केलेत?"

"कुठले?" मग त्यांना भिंतीवरच्या पट्ट्या दिसल्या. "अच्छा, ते. अगं, दिवसा दिवे कशाला लागतात? सूर्य आहे की वरती."

"आणि हे?" मी च्युइंगगम दाखवलं. चिमट्यात धरलं होतं.

"ते माझंच. त्याला काय चिमटा लावतेस, घरचंच आहे." ते हसले. "पण कशी वाटली आयडिया? व्हिडिओ बघून नाही हं केली, स्वतःच्या डोक्याने. हँडब्रेक ओढला की दिवे विझतात, बरोबर? मग गाडीला कायम तेच वाटायला लावायचं. तुम्ही फिजिक्सवाले नुसते कागदावर करता."

"मग समोरचा लाल दिवा लागून राहिला असेल."

"राहिला. डोळ्यात खुपायचा. पट्टी लावली."

"तो नुसता हँडब्रेकचा नसतो. ब्रेक ऑइल कमी झालं तरी तोच लागतो. मी वायर काढलीय, तरी लागलाय. ऑइल खालच्या रेघेच्या अकरा मिलिमीटर खाली आहे. मागचं डावं चाक गळतंय."

माझी अपेक्षा होती की ते दचकतील. त्यांनी पेल्यातला घोट घेतला.

"हां, पेडल जरा खाली जातं हल्ली," ते म्हणाले.

"हल्ली म्हणजे?"

"झाला असेल महिना. त्यात काही नाही. दोनदा दाबायचा. पहिला दाब फुकट जातो, दुसऱ्याला धरतो. हाताला, म्हणजे पायाला सवय होऊन जाते."

मी पाणी बंद केलं. "ताईला सांगितलंत?"

"सांगणारच होतो. उद्या एक चक्कर मारली असती तिला घेऊन."

"भोंग्याकडे का नाही नेली?"

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला सगळी कॉलनी भोंगा म्हणते. काम चोख करतो, पण कुणाच्या गाडीत काय सापडलं ते संध्याकाळपर्यंत पाण्याच्या टाकीपर्यंत पोचलेलं असतं.

"भोंग्याकडे? तो आधी वायर बघणार. मग विचारणार, साहेब ही कशाला? मग तुझ्या ताईला भाजी घेताना सांगणार, वहिनी, साहेबांनी दिवे मारून टाकलेत बघा."

"मग सांगू दे की. सूर्य आहे वरती."

त्यांनी पेल्यातली साय बोटाने काढून चाटली.

तेवढ्यात माझी नजर बिलांच्या ढिगावर गेली. बिलावर वेळ छापलेली असते. तळलेल्या कोंबडीचं ते दुकान आमच्या वळणावर आहे, गाडीने तीन मिनिटं. मी वरची पाच-सहा बिलं बघितली. पाच सव्वीस. पाच एकतीस. पाच अठ्ठावीस. पाच चोवीस. ताई सांगायची, दाजी रोज वर येतात ते सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान, टाय सैल करत, आणि दारातच म्हणतात, "आज ट्रॅफिकने जीव खाल्ला."

साडेपाच ही आमच्या घरात एक ठरलेली वेळ आहे. सासूबाईंना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायचं, अंग पुसायचं, खालची चादर आणि कपडे बदलायचे, परत झोपवायचं. दोन माणसं लागतील असं फिजिओथेरपिस्टने कागदावर लिहून दिलं आहे, तो कागद फ्रीजवर लावलेला आहे. सुरुवातीला ताई थांबायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पार्किंगचा चढ दिसतो. गाडी वर चढली की त्या दोन पांढऱ्या पट्ट्या खिडकीच्या काचेवर फिरायच्या आणि ताई म्हणायची, "आला." मग दिवे "गेले". मग गाडी आली कधी ते कळेनासं झालं. सासूबाई ओल्यात किती वेळ ठेवायच्या, म्हणून ताई एकटीच करू लागली.

म्हणजे तीन महिने रोज पंचेचाळीस मिनिटं ते इथे बसत होते. खांबाआड, काचा वर, एसी चालू. हाडं चोखत. नखं कापत. डोक्यावर बरोबर तिसऱ्या मजल्यावर त्यांची आई आणि त्यांची बायको.

मी बिलं परत ढिगात ठेवली.

दाजी माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं की मला कळलं. ते माझ्याजवळ आले, आवाज खाली आणला.

"ऐक ना. तुला नाही कळायचं. दिवसभर ऑफिसात डोकं फुटतं. आणि घरात शिरलं की तो वास. माझी आई आहे गं ती. मला बघवत नाही तिला तसं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं, तेच जास्त किळसवाणं होतं. ओठाच्या कोपऱ्यात चहाची साय चिकटली होती. "तू फक्त ती वायर होती तशी लाव. पट्टी मी लावतो. ब्रेकचं बघू पुढच्या आठवड्यात."

"सोमवारी ताई उतारावरून जाणार आहे. तुमच्या आईला घेऊन."

"हळू चालवते ती. दोनदा दाबायचा, एवढंच सांगायचं. एवढं काय अवघड आहे?"

मी खिशातून फोन काढला आणि ताईला खाली बोलावलं. दाजी म्हणाले, "शास्त्रज्ञ, कमाल करतेस तू." पण वर गेले नाहीत. ते वर्तमानपत्राजवळ उकिडवे बसले आणि हाडांची पिशवी पेल्यांच्या मागे सरकवू लागले.

ताई ओल्या हातांनी आली. उजव्या मनगटाला अजून पट्टा होता. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी सासूबाईंना उचलताना दोघी पडल्या होत्या, सासूबाई खाली आणि ताई त्यांच्यावर, आणि मनगट वळल्यामुळे ताईला वीस मिनिटं उठता आलं नव्हतं.

तिने आधी भिंत बघितली. तिचा चेहरा उजळला. "अय्या, दिवे लागले? कसे गं केलेस?"

"गेलेच नव्हते, ताई."

मग मी सगळं क्रमाने सांगितलं. वायर, पट्टी, लाल दिवा, ऑइल, चाक, दोनदा दाबायचं पेडल. बिलांचं मी सांगणार नव्हते. ते ब्रेकशी संबंधित नव्हतं. पण ताई मांडलेल्या ढिगांकडे बघत होती. ती डोळे तपासते. कोण कुठे बघतंय आणि कुठे बघायचं टाळतंय, हे तिला सांगावं लागत नाही. दाजी बिलांकडे बघायचं टाळत होते.

ती खाली बसली आणि बिलं चाळू लागली.

"सतरा तारखेचं आहे का यात?" तिने विचारलं.

मी शोधलं. होतं. त्या दोघी पडल्या तो दिवस. "पाच एकतीस," मी वाचलं.

"काय घेतलं होतं?"

"अगं, काय विचारतेस," दाजी म्हणाले.

"कोंबडी. मोठं पाकीट," मी म्हणाले.

ताईने ते बिल परत ढिगात ठेवलं, कडा जुळवून. "मी तुला फोन केला होता. तू म्हणालास पुलावर अडकलोय."

"तू पडलीस असं कुठे म्हणालीस? तू म्हणालीस कुठे आहेस."

"खरंय," ताई म्हणाली. "माझंच चुकलं. आधी पडल्याचं सांगायला हवं होतं, मग कुठे आहेस ते विचारायला हवं होतं." ती उठली. "आणि सोमवारी मी उतारावरून खाली गेले असते. एकदा दाबून."

"मी सांगणार होतो. दोनदा दाबला की—"

"दोनदा दाबला की धरतो. ऐकलं. गाडी टाकीमागे घे."

"कशाला?"

"बघू या किती धरतो ते. एवढं काय अवघड आहे?" ते वाक्य ती घरीही त्यांच्या तोंडून ऐकत असावी.

पाण्याच्या टाकीमागे सिमेंटचं सपाट मैदान आहे, लांबी बेचाळीस मीटर, शेवटी गवत. गाडी तिथे चालवत नेताना दाजींनी हँडब्रेक हातात धरून ठेवला होता. मी चालत गेले आणि बरोबर मधे खडूने आडवी रेघ मारली. मोजायला ताईची शिवणाची टेप होती, दीड मीटरची. मी ती पुनःपुन्हा लावणार होते. ताईने मागचं दार उघडलं आणि डाव्या सीटवर बसली. त्या सीटखालीच मला मोजा सापडला होता.

"तू कुठे बसतेस?" दाजी म्हणाले. "उतर. वास येतोय तिथे."

"सोमवारी आई इथे बसणार होती. वीसच्या वेगाने ये. रेघेवर आलास की ब्रेक. एकदाच दाबायचा."

"वेडेपणा आहे हा."

"वीसने," ताई म्हणाली. "लोक सायकल जोरात चालवतात याच्यापेक्षा."

पहिल्या फेरीत गाडी रेघेच्या पुढे चार मीटर दहा सेंटिमीटरवर थांबली. मी टेप लावायला वाकले, तर मागच्या खिडकीतून ताईचा आवाज आला, "लिहू नकोस. दोनदा दाबला."

"सवय आहे पायाला," दाजी म्हणाले.

दुसऱ्या फेरीत त्यांनी परत दोनदा दाबला. मला ते बाहेरून दिसलं: पुढचं नाक एकदा किंचित वाकलं, सुटलं, आणि मग खरं वाकलं. तिसऱ्या फेरीतही तेच. गाडीत पाठीमागे बायको बसलेली असताना त्यांना एकदाच दाबून थांबता येईना. नुसत्या वीसच्या वेगाला. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्याचा रंग वाळलेल्या पिठासारखा झाला होता.

"एकदाच," ताई म्हणाली.

चौथ्या फेरीला त्यांनी एकदाच दाबला. गाडी रेघेवरून गेली, तशीच पुढे गेली, जणू कुणी काही सांगितलंच नाही, आणि मग हळूहळू मंद होत गवताच्या अलीकडे थांबली. टेप सहा वेळा लावावी लागली. आठ मीटर नव्वद सेंटिमीटर. दाजींनी दार उघडलं, बाहेर झुकले आणि टायरशेजारी ओकले. त्यात चहा होता आणि आणखीही काही होतं. मी बघितलं नाही.

ताई दुसऱ्या बाजूने उतरली. "भोंग्याला फोन कर," ती मला म्हणाली. "ओढून न्यायला सांग. वायर काढू नकोस, म्हणजे लटकू दे तशीच. त्याला बघू दे."

भोंगा अर्ध्या तासात आला. चाक उघडलं, आतला रबर फाटलेला दाखवला, पिळून थेंब काढून दाखवला. मग निळी वायर दोन बोटांत धरली, आणि तिच्यावरचं उरलेलं च्युइंगगम बघून त्याच्यासारख्या माणसानेही तोंड वाकडं केलं. "वहिनी, ही कुणाची अक्कल?"

"घरातलीच आहे," ताई म्हणाली.

"उद्या दुपारपर्यंत देतो. दिवे ठेवू ना चालू?"

"ठेवा."

त्या संध्याकाळी पाच वाजता मी सवयीने पिशवी घेऊन ग्रंथालयात जायला निघाले. चपला घालताना हाताशी घड्याळ होतं म्हणून की काय, एक साधी वजाबाकी डोक्यात आली. मी रोज पाचला जात होते आणि सातला परत येत होते. सहा आठवडे. ग्रंथालय सकाळी आठपासून उघडं असतं. मला कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते, संध्याकाळी तिथे शांत असतं. ते खोटं नव्हतं.

मी चपला काढल्या. हाताला अजून च्युइंगगमचा वास येत होता, निदान मला येत होता.

साडेपाचला दाजी पलंगाच्या डोक्याकडे उभे राहिले. ताईने कुठे धरायचं ते दाखवलं, माझ्याकडे कमरेखालची चादर दिली. दाजींनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं आणि श्वास रोखला होता. सासूबाईंना बोलता येत नाही, पण एक डोळा चांगला आहे. त्या डोळ्याने त्यांनी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग छताकडे. चादर ओली आणि कोमट होती. मला जी किळस वाटेल अशी मी तयारी केली होती ती वाटली, पण मोज्याच्या वेळी वाटली होती त्यापेक्षा कमी.

"भिंतीवर काय आहे?" ताईने दाजींना विचारलं.

"काही नाही."

"मग इकडे बघ. तुझा हात सुटतोय."

ताई एकटी असताना याला पंचवीस मिनिटं लागत. तिघांना साडेसात लागली. रविवारी नऊ लागली, कारण दाजी मधे एकदा बाहेर जाऊन आले.

सोमवारी सकाळी साडेसातला, सासूबाईंना खाली आणायच्या आधी, ताईने गाडी टाकीमागे घेतली. पाणी पडून रेघ पुसट झाली होती, मी ती परत ओढली. लाल दिवा विझलेला होता, पांढऱ्या पट्ट्या लागलेल्या होत्या. डबीतलं ऑइल वरच्या रेघेला. मागच्या चाकाखाली मी रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं, ते कोरडं होतं. दाजी कंपनीच्या बसला निघाले होते. कॉलनीच्या फाटकाशी थांबले, बघत राहिले, मग बसचा हॉर्न ऐकून गेले.

ताई वीसच्या वेगाने आली आणि रेघेवर पेडल एकदा दाबलं. मी टेप दोनदा लावली.

दोन मीटर साठ सेंटिमीटर.